आज तहनून नाही

सकाळच्या प्रार्थनेतला उभ्याने म्हणायचा मोठा भाग, म्हणजे अमीदा, संपला की सगळे तीन पावलं मागे सरकतात. मग प्रार्थना चालवणारा हजान तोच भाग मोठ्याने पुन्हा म्हणतो. त्यानंतर एरवीच्या दिवशी येतं ते तहनून. ही विनवणी असते. आपण कुठे कुठे चुकलो ते सांगायचं आणि पदरी पुण्य नसलं तरी दया कर म्हणायचं. अश्केनाझी लोक बसून, कपाळ हातावर टेकवून, चेहरा झाकून सहावं स्तोत्र म्हणतात. आम्हा बेने इस्रायलांच्या, म्हणजे कोकणातल्या ज्यूंच्या, प्रार्थनेला सेफार्दी वळण आहे, त्यात पंचविसावं स्तोत्र येतं. सोमवारी आणि गुरुवारी, तोरा वाचायच्या दिवशी, ही विनवणी आणखी लांबते.

काही दिवशी मात्र हे सगळं गळतं. हजान न थांबता पुढे जातो. लहानपणी वरच्या सज्जात बायकांमध्ये बसून मला ते पानांवरून कळायचं. खाली सगळ्यांनी एकदम चार पानं उलटली की समजायचं, आज तहनून नाही. का नाही, ते वडील घरी परतताना सांगत. आज रोश होदेश, नवा चंद्र. आज शेबाट महिन्याची पंधरावी, एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याचा उरूस. आज खाली तिसऱ्या बाकावर जो मुलगा बसला होता ना, त्याचं परवा लग्न झालं.

तारखांची कारणं मला तेव्हाच पटली होती. सण आहे, सणाला रडायचं नाही, एवढं कुणालाही समजतं. पण त्या तिसऱ्या बाकावरच्या मुलाचं कारण माझ्या मनात राहिलं, आणि आता साठीत आल्यावर वाटतं की आमच्या अख्ख्या प्रार्थनापद्धतीत माणसाविषयी जे सर्वांत खोल सांगितलं आहे, त्यातलं बरंच या न म्हटलेल्या पानांत आहे.

योसेफ कारोंनी गालीलमधल्या सफेद गावी रचलेला आणि १५६५ साली व्हेनिसला छापलेला ‘शुल्हान आरूख’ हा आमच्या धर्मनियमांचा आधारग्रंथ. तहनून कधी म्हणायचं नाही, याची यादी त्यात आहे. तिच्यात सणवार येण्याआधी माणसं येतात. शोक करणाऱ्याच्या घरी म्हणायचं नाही. नवरदेवाच्या घरी म्हणायचं नाही. मशिदीत (सिनेगॉगला आम्ही मशीदच म्हणतो) त्या दिवशी एखाद्या बाळाची सुंता असेल किंवा नवरदेव हजर असेल तर म्हणायचं नाही. रूढीने नवरदेवाचे हे दिवस लग्नापासून सात धरले जातात. बाळाच्या बाबतीत त्याचा बाप, सुंता करणारा मोहेल आणि बाळाला मांडीवर घेणारा सांदाक, यांच्यापैकी कुणी हजर असलं तरी पुरतं.

यात काय घडतं ते नीट पाहावं. समजा, जमलेल्या शंभरांत एकाचं लग्न झालं आहे. उरलेले नव्व्याण्णव आपापल्या काळज्या घेऊन आले आहेत. कुणाची बायको इस्पितळात आहे, कुणाचा मुलगा बोलत नाही, कुणाला रात्रभर आपल्याच एखाद्या वागण्याने झोप लागलेली नाही. त्यांना आज खरंच रडून मागायचं असेल. तरी नियम सांगतो की आज नाही. हा नवरदेव ओळखीचा असायला हवा असंही नाही. प्रवासात वाटेवर थांबलेला परगावचा कुणी असला तरी त्याच्या आनंदापुढे सगळ्यांनी आपलं मागणं आवरायचं. आणि वगळलेलं तहनून मागाहून भरून काढायचं नसतं. विसरलेल्या अमीदेसाठी पुढच्या वेळी ती दोनदा म्हणण्याची सोय आहे. तहनूनला तशी नाही. ते गेलं ते गेलं.

तहनून मुळात किती बंधनकारक, यावरही जुनी मतं आहेत. नवव्या शतकात बाबिलोनियातल्या सुरा येथील विद्यापीठाचे प्रमुख नात्रोनाई गाओन यांनी ते ऐच्छिक मानलं होतं. म्हणून काहींना ते सोडायला निमित्तच हवं असतं, अशी तक्रारही जुनी आहे. हसीदी पंथात गुरूंच्या पुण्यतिथ्यांना ते वगळतात, आणि इतरांनी त्यावर बोट ठेवलेलं आहे. मला तो वाद फारसा ओढत नाही. माझं लक्ष जातं ते तालमूदमधल्या एका घराकडे, जिथे तहनून म्हटलं जाऊ नये म्हणून एक बाई रोज पहारा देत होती.

तिचं नाव इम्मा शालोम. नवरा रब्बी एलिएझर, भाऊ रब्बान गमलिएल. इसवी सनाच्या पहिल्या शतकाची अखेर आणि दुसऱ्याची सुरुवात, असा तो काळ. जेरुसलेमचं मंदिर रोमनांनी पाडलं होतं आणि यावने इथे पंडितांची सभा धर्माची घडी नव्याने बसवत होती. गमलिएल त्या सभेचे अध्यक्ष होते. एका भट्टीच्या शुद्धाशुद्धतेवरून वाद झाला. एलिएझर एकटे एका बाजूला, बाकी सगळे दुसऱ्या. एलिएझरांच्या बाजूने झाड जागचं हललं, पाण्याचा प्रवाह उलटा वाहिला, आकाशवाणीही झाली. सभेने ते काही मानलं नाही, कारण तोरा आता माणसांच्या हाती दिलेली आहे आणि निर्णय बहुमताने व्हायचा. कथेचा हा भाग प्रसिद्ध आहे. बुद्धिवादी लोकांना तो फार आवडतो आणि मलाही आवडतो. पण तालमूद तिथे थांबत नाही. एलिएझरांवर बहिष्कार घातला जातो. ते त्यांना सांगायला त्यांचा शिष्य अकिवा काळे कपडे घालून जातो आणि चार हात दूर बसतो. एलिएझर बूट काढून जमिनीवर बसतात आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी येतं. कथा म्हणते की त्या दिवशी जगातल्या जैतुनाला, गव्हाला आणि जवाला तडाखा बसला.

इथून पुढे इम्मा शालोमची गोष्ट आहे. दुखावलेल्या माणसाने चेहरा जमिनीला लावून मागणं मागितलं तर त्याचं काय होतं, हे तिला ठाऊक होतं. म्हणून त्या दिवसापासून ती नवऱ्याला तहनून म्हणू देत नसे. अमीदा संपली की ती मध्ये पडायची. एक दिवस तिचा हिशोब चुकला. आमचा महिना चंद्राचा, कधी एकोणतीस दिवसांचा, कधी तिसांचा. आज रोश होदेश आहे असं तिने धरलं. रोश होदेशला तहनून नसतंच, तेव्हा आज पहारा नको. पण महिना तिसांचा होता आणि रोश होदेश दुसऱ्या दिवशी होता. दुसरा एक पाठ म्हणतो की दारात भिकारी आला आणि ती त्याला भाकरी द्यायला उठली. परत येऊन पाहते तर एलिएझर पालथे पडलेले. ऊठ, माझ्या भावाला तू मारलंस, असं ती त्यांना म्हणाली. तेवढ्यात गमलिएलांच्या घराकडून मृत्यूची वर्दी आली. तुला कसं कळलं, असं एलिएझरांनी विचारलं. तिने सांगितलं की सगळी दारं बंद होतात, पण दुखावलेल्याच्या हाकेचं दार बंद होत नाही, असं आजोबांच्या घरापासून ऐकत आले आहे.

या कथेतली एक गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. वाचता वाचता ती दिसली आणि मी पुस्तक मिटून बसले. त्या काळी महिना छापील पंचांगावरून ठरत नसे. नवी चंद्रकोर पाहिलेले साक्षीदार यायचे, त्यांची तपासणी व्हायची आणि मग सभा महिना जाहीर करायची. मिश्ना सांगते की चंद्राच्या वेगवेगळ्या आकारांची चित्रं रब्बान गमलिएलांनी आपल्या माडीवर एका फळ्यावर आणि भिंतीवर काढून ठेवली होती. ती दाखवून ते अडाणी साक्षीदारांना विचारत, असा दिसला की असा. महिन्याचा हिशोब ज्या माणसाच्या माडीवर व्हायचा, तो माणूस त्याच्या बहिणीच्या हातून महिन्याच्या हिशोबात झालेल्या एका चुकीमुळे गेला. तालमूद हे बोलून दाखवत नाही. दोन कथा दोन वेगळ्या ग्रंथविभागांत आहेत. पण त्या रचणाऱ्या माणसांना हे दिसलं नसेल असं मला वाटत नाही.

आणि इम्मा शालोम नेमकी कुणाला जपत होती? वरवर पाहता भावाला. पण नवऱ्यालाही. आपल्या दुःखाने दुसऱ्याचा जीव घेतला, हे ओझं त्याच्या वाट्याला येऊ नये, असं तिला वाटलंच असणार. ती देवाशी भांडत नाही, नवऱ्याला शांत हो म्हणत नाही, तुझी बाजू चुकीची आहे असंही सुचवत नाही. त्याच्या मागण्यात किती बळ आहे हे मानून ती ते मागणं तेवढं थांबवते. मी ज्या सज्जात बसते तिथे ती माझ्या शेजारी असावी, असं मला अनेकदा वाटलं आहे.

वडील गेले तेव्हा सात दिवस प्रार्थना घरीच झाली. शेजारचे, नात्यातले, कामावरचे जुने सोबती असे दहा पुरुष सकाळ-संध्याकाळ जमत. अमीदा संपायची आणि पानं उलटायची. तहनून नाही. त्या आठवड्यात मला मात्र तेच हवं होतं. जमिनीला कपाळ लावून विचारायचं होतं, मागायचं होतं, भांडायचं होतं. जमलेल्यांपैकी एका वृद्ध काकांनी समजावलं की शोकाच्या घरावर न्यायाचा हात आधीच पडलेला असतो. तिथे आपण पापांचा पाढा वाचला तर त्या न्यायाला आणखी बोलावणं धाडल्यासारखं होईल. दुसरं कारण मी पुढे वाचलं. आमोस संदेष्ट्याने सणांचा शोक होईल असं म्हटलं आहे, आणि पंडितांनी त्यावरून सण आणि शोक एकाच मापाने मोजले. दोन्ही सात दिवसांचे. दोन्हींत माणूस रोजच्या हिशोबाबाहेर गेलेला.

काकांचं कारण मला तेव्हा पटलं नव्हतं. आता पटतं. आईसमोर दहा माणसं उभी राहून आम्ही पापी आहोत असं म्हणाली असती, तर तिने ते स्वतःकडे वळवून घेतलं असतं. औषध वेळेवर दिलं नाही का, दुसऱ्या डॉक्टरकडे न्यायला हवं होतं का. तिच्या मनात ते चालूच होतं. त्या दहांनी त्यात भर घातली नाही.

तारखांकडे वळते. निसान महिनाभर तहनून नसतं. त्याचं कारण साधं आहे. पहिले बारा दिवस रानातल्या निवासमंडपाला बारा वंशांच्या सरदारांनी अर्पणं आणली ते, मग पेसाहचा सण. अर्ध्याहून अधिक महिना असा मंगल गेल्यावर उरलेल्याला वेगळं काय काढायचं, म्हणून सगळाच महिना. या महिन्यात मृताचं गुणगान करणारी शोकभाषणंही करत नाहीत. विसाव्या शतकात या नियमाशी एक फार मोठं दुःख येऊन भिडलं. वॉर्सा घेट्टोचा उठाव १९ एप्रिल १९४३ ला सुरू झाला, आणि ती पेसाहची पूर्वसंध्या होती. नाझींनी मारलेल्या साठ लाख ज्यूंच्या स्मरणासाठी दिवस नेमताना इस्रायलच्या संसदेने १९५१ साली २७ निसान ही तारीख ठरवली. उठावाच्या जवळची, पण पेसाहनंतरची. धार्मिक लोकांपैकी अनेकांना ती रुचली नाही, कारण निसानात शोक नाही. ज्यांचा मृत्युदिन माहीत नाही अशांसाठी कद्दीश ही मृतांसाठीची प्रार्थना म्हणायला रब्बींनी तेबेथ महिन्याच्या दहावीचा उपास नेमला. मला दोन्ही बाजूंचं दुखणं कळतं. पण भोंगा वाजतो, तेल अवीवच्या रस्त्यावर बस थांबते, लोक खाली उतरून उभे राहतात, आणि त्याच सकाळी मशिदीत तहनून म्हटलेलं नसतं. हे मला विसंगत वाटत नाही. साठ लाखांसाठी उभं राहताना आम्ही पापी होतो असं म्हणायचं नाही, यापरतं योग्य काय असेल?

आब महिन्याच्या नवमीला तर दोन्ही मंदिरं पडली. पंचवीस तासांचा उपास, जमिनीवर बसणं, विलापगीतं. वर्षातला सर्वांत काळा दिवस, आणि त्या दिवशी तहनून नाही. कारण विलापगीतांच्या पुस्तकातच त्या दिवसाला नेमलेला वार, म्हणजे सणाला लावतात तोच शब्द लावला आहे, आणि पुढे कधीतरी हे उपास आनंदाचे दिवस होतील असं जखऱ्या संदेष्ट्याने म्हटलं आहे. कोकणात आमचे पूर्वज हिब्रू ग्रंथांपासून कित्येक शतकं तुटलेले होते. शेमा ही प्रार्थना तेवढी तोंडी राहिली होती. त्यांनी या दिवसाला नाव दिलं बिरड्याचा सण. वालाचं बिरडं त्या दिवशी व्हायचं म्हणून. किप्पूरला दरफाळणीचा सण, आणि किप्पूरच्या दुसऱ्या दिवसाला शिळा सण. हाईम केहिमकरांनी आपल्या बेने इस्रायलांच्या इतिहासात ही नावं नोंदून ठेवली. तो ग्रंथ १८९७ च्या सुमारास लिहून झाला आणि १९३७ साली तेल अवीवला छापला गेला. किप्पूर ते सुक्कोथ या मधल्या दिवसांत तहनून नसतं, हा नियम त्या खेड्यांत तेल गाळून पोट भरणाऱ्या आमच्या पूर्वजांना कुणी सांगितलेला नव्हता. तरी किप्पूरचा दुसरा दिवस त्यांनी सण म्हणूनच धरून ठेवला होता. ग्रंथ हाती नसताना हे कुठून टिकलं असेल, याचा विचार करताना माझा ऊर भरून येतो.

वगळण्याच्या या रीतीत शत्रूलाही जागा आहे. हालेल म्हणजे एकशे तेरा ते एकशे अठरा ही स्तुतीची स्तोत्रं. सुक्कोथला ती रोज पूर्ण म्हणतात. पेसाहच्या अखेरच्या सहा दिवसांत मात्र त्यातले दोन तुकडे गाळतात. तालमूदने याचं कारण यज्ञबलींच्या संख्येशी जोडलं आहे, आणि नियम म्हणून तेच खरं. पण लोकांच्या मनात जे राहिलं ते मिद्राशमधलं कारण. पेसाहच्या सातव्या दिवशी समुद्र दुभंगला आणि मिसरचे सैनिक बुडाले. देवदूत गायला निघाले तेव्हा देवाने त्यांना अडवलं, कारण बुडणारेही त्याच्याच हातची निर्मिती होते. म्हणून स्तुती अर्धी. वडिलांनी मला हे सांगितलं तेव्हा मी विचारलं होतं की ते तर आपल्याला मारायला आले होते ना. ते म्हणाले, हो, म्हणूनच अर्धी. ते आपले असते तर अजिबात म्हटली नसती.

आता पावसाची गोष्ट, जी मला सर्वांत जवळची आहे. अमीदेच्या मधल्या आशीर्वादांत एक आहे सालाच्या पिकासाठी. त्यात पाऊस दे हे मागणं वर्षातून काही महिनेच घालायचं असतं, बाकी काळ ते वगळायचं. इस्रायलच्या भूमीत पावसाळा सुक्कोथच्या सुमारास येतो. मग सुक्कोथ संपल्यावर लगेच का मागत नाहीत? कारण मंदिराच्या काळी दूरदूरचे यात्रेकरू सुक्कोथला जेरुसलेमला आलेले असायचे. त्यांतला अगदी शेवटचा माणूस युफ्रातिसच्या काठी आपल्या घरी पोचेपर्यंत पंधरा दिवस लागायचे. तोवर रस्ता चिखलाचा होऊ नये. म्हणून हेश्वानच्या सातवीपर्यंत अख्ख्या देशाने, शेत तहानलेलं असलं तरी, पाऊस मागायचा नाही. मंदिर पडून जवळजवळ दोन हजार वर्षं होत आली. यात्रेकरू तसे राहिले नाहीत. पण ते पंधरा दिवस इस्रायलमध्ये अजून थांबतात. त्या शेवटच्या, अनोळखी, पायी चालणाऱ्या माणसासाठी.

देशाबाहेर मात्र बाबिलोनियाचा हिशोब लागू आहे. जुन्या गणिताने धरलेल्या शरदसंपातानंतर साठ दिवस, म्हणजे हल्लीच्या कॅलेंडरने डिसेंबरच्या चार तारखेची संध्याकाळ, काही वर्षी पाच. तिथपासून पेसाहपर्यंत पाऊस मागायचा. आता हा काळ कोकणात आणून पाहा. भात कापून झालेलं असतं, वाल पेरलेले असतात, आंब्याला मोहोर यायचा असतो. आभाळात ढग दिसला तर बागायतदाराच्या पोटात गोळा येतो. अशा वेळी अलिबागच्या, रेवदंड्याच्या, पनवेलच्या मशिदींतून पाऊस दे. आणि जूनमध्ये, जेव्हा सगळा महाराष्ट्र मान वर करून बसलेला असतो, तेव्हा ते मागणं नेमकं वगळलेलं.

हा पेच फक्त आमचा नाही. निनवेच्या लोकांनी रब्बी येहूदा हानासींना विचारून पाठवलं होतं की आम्हाला ऐन तम्मूझमध्ये पाऊस लागतो, आम्ही काय करावं? त्यांनी कळवलं की सगळ्यांच्या त्या आशीर्वादात बदल करू नका. प्रार्थना ऐकणाऱ्याचा जो वेगळा आशीर्वाद आहे, त्यात ज्याने त्याने आपल्या शब्दांत मागावं. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला रब्बी आशेर बेन येहिएल यांनी, जर्मनीतून स्पेनमध्ये आल्यावर, पेसाहनंतरही पाऊस मागायला हवा असं म्हणून पाहिलं. एवढ्या मोठ्या माणसाचंही लोकांनी ऐकलं नाही. निनवेचंच उत्तर टिकलं.

१९७२ च्या दुष्काळात वडील रेल्वेच्या नोकरीत सोलापूरला होते. मी तेव्हा लहान. खडी फोडायला जाणाऱ्या बायकांची रांग, रेशनवरची मिलो, आणि आमच्या दोन खोल्यांत पश्चिमेकडच्या भिंतीला लागून प्रार्थना करणारे वडील, एवढं मला नीट आठवतं. इस्रायलच्या पावसाचं मागणं त्यांनी त्या उन्हाळ्यात नियमाप्रमाणे वगळलेलंच होतं. पण अमीदेच्या शेवटाकडे एका जागी ते नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबत आणि ओठ मराठीत हलत. आमच्या घरी दोन हंडे पाणी यायचं, आम्ही उपाशी नव्हतो. ते त्या रांगेसाठी मागत होते, हे आईने मला खूप पुढे सांगितलं. युफ्रातिसच्या माणसासाठी थांबायचं आणि सोलापूरच्या बाईसाठी मागायचं, हे दोन्ही त्यांना एकाच प्रार्थनेत बसवता येत होतं.

या सगळ्या वगळण्यांत दुसरा माणूस आहे. नवरदेव, बाळ, विधवा, बुडणारा सैनिक, चालणारा यात्रेकरू, बहिष्कृत नवऱ्याचा मेहुणा. म्हणूनच आणखी एका प्रकारचं वगळणं मला वेगळं मोजावं लागतं, जे कुठल्याही यादीत नाही.

१९४८ च्या सुमारास भारतात बेने इस्रायल वीस हजारांच्या आसपास होते. मग इस्रायलमधलं लोद, अश्दोद, बेअर शेवा, दिमोना. घरं रिकामी झाली. अलिबागला इस्रायल आळी अजून आहे, मशीद आहे, दिवे आहेत, रंग दिलेला आहे. पण कोकणातल्या किती मशिदींत रोज सकाळी दहा पुरुष जमतात? दहा नसले की कद्दीश नाही, केदुशा नाही, हजानने अमीदा पुन्हा म्हणणं नाही, तोराचं जाहीर वाचन नाही. हे कुणाच्या आनंदासाठी किंवा शोकासाठी वगळलेलं नसतं. ते राहून जातं.

आणि तहनून? ते एकट्यालाही म्हणता येतं. ज्या मशिदीत तीनच माणसं आली, तिथे मंगल, सामूहिक, एकमेकांना उत्तर देत म्हणायचं सगळं गळतं आणि आपल्या चुकांची यादी तेवढी उरते. ती सोडवायला खोलीत नवरदेव नाही, बाळाचा बाप नाही. एकट्या माणसाला वर्षातून तारखांचीच सूट मिळते, माणसांची मिळत नाही. वडिलांच्या शेवटच्या वर्षांत ते घरीच प्रार्थना करत. मी त्यांना विचारलं नव्हतं, पण मला माहीत आहे की निसान त्यांना फार आवडायचा.

आता नवरदेवाबद्दलचं एक जुनं मत सांगायला हवं. काही थोर पंडितांनी लिहिलं आहे की नवरदेवाने त्या सात दिवसांत मशिदीत येऊच नये, कारण त्याच्यामुळे सगळ्या समाजाचं तहनून बुडतं. ‘मिश्ना बेरूरा’ या अलीकडच्या प्रमाणग्रंथातही हा सल्ला आला आहे. त्यामागची तळमळ मला समजते. पश्चात्ताप ही मोठी गोष्ट आहे आणि एकाच्या लग्नापायी शंभरांनी ती का गमवावी? पण हा विचार भरलेल्या मशिदींत बसून केलेला आहे. तिथे दररोज कुणाचं ना कुणाचं लग्न असेल, आणि तहनून खरंच विसरलं जाण्याची भीती असेल.

आमच्याकडे ती भीती नाही. हिवाळ्यात इस्रायलहून मुलं येतात. आजी-आजोबांचं गाव बघायला, खंडाळ्याच्या खडकावर एलियाहू हन्नाबीच्या रथाच्या खुणा बघायला, मालिद्याचा नैवेद्य करायला. त्यांतली काही लग्न करून लगेच आलेली असतात. त्यांची मराठी मोडकी असते आणि त्यांना वाटतं की आपण पाहुणे, मागच्या बाकावर बसावं, कुणाच्या प्रार्थनेत अडथळा नको. त्यांना कुणीतरी सांगायला हवं की सातवा दिवस उलटायच्या आत या. सकाळी लवकर या, सोमवारी किंवा गुरुवारी आलात तर फारच चांगलं. पुढे बसा. तुमच्यामुळे इथल्या म्हाताऱ्यांचं तहनून बुडेल, आणि ते बुडावं म्हणून ते फार दिवस थांबलेले आहेत.